डोंबिवलीतलं कुत्र्यांचं पार्लर आणि आमच्या गुंडीचे केस

१४५० रुपयांत मी अस्तराचे दोन ब्लाउज शिवून देते, हूक-काजांसकट, आणि गिऱ्हाईक तरीही "ताई, पन्नास कमी करा ना" म्हणतं. तेवढेच पैसे गेल्या रविवारी मी आमच्या कुत्रीच्या अंघोळीला आणि केसकापणीला मोजले आणि एक रुपया कमी कर म्हटलं नाही. वर्ष झालं त्या पार्लरवाल्या पोरीकडे जातेय, म्हणजे आता लिहायला हरकत नाही.

डोंबिवली पूर्वेला माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. गुंडी मूळची माझ्या ननंदेची. ननंद बंगळूरला गेली तेव्हा "चार महिने सांभाळ वहिनी" म्हणून सोडून गेली, त्याला आता दोन वर्षं झाली. जात शित्झू, वजन सव्वासहा किलो, रंग पांढरा आणि बदामी. चपट्या तोंडावर नाक असं, जशी काळी गुंडी टाकलीय. नाव त्यावरूनच. या जातीचे केस आपल्या डोक्याच्या केसांसारखे वाढतच राहतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. माझ्या डोक्यात कुत्रा म्हणजे आमच्या गावचा मोत्या. मोत्याला पावसाने धुतलं की वर्षाचं काम झालं.

पहिलं वर्ष आम्ही एका मोठ्या एसी दुकानात नेत होतो. नाव घेत नाही. काचेचा दरवाजा, भिंतीवर हाडांची चित्रं. गुंडी बाहेर यायची ती गळ्यात रुमाल, डोक्यावर रिबिनीचा बो आणि लग्नाच्या हॉलमधून आल्यासारखा वास घेऊन. मी खूश. आता बघा, मी कोण? दुसरीकडे शिवलेला ब्लाउज माझ्या हातात आला की आधी मी तो उलटा करते. मुंढ्याची, म्हणजे काखेच्या गोलाची, शिलाई बघते, ओव्हरलॉक बघते, माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, किती सोडलीय ते बघते, मग सुलटा करून गळ्याकडे जाते. त्या मी, कुत्रीला वर्षभर सुलटीच बघत राहिले.

गेल्या वर्षी गणपती झाले आणि गुंडी पुढचा डावा पाय टाकताना कुरकुरायला लागली. उचलायला गेलं की अंग चोरायची. आम्हाला वाटलं मुरगळला असेल. वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, आधी त्या पिठाच्या गिरणीजवळच्या मुलीला दाखवा, ती केस बघते पण तिला हात लावल्यावर कळतं.

तर ही ती जागा. मानपाडा रोडवरून आत वळायचं, गिरणीच्या बाजूने चार पायऱ्या खाली उतरायचं. पाटीवरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिनेच सांगितलंय, "काकू, लिहा काय लिहायचं ते, पण नाव नको. मला फोन उचलायला माणूस नाही." खोली माझ्या दुकानाएवढीच. मधोमध एक टेबल, वर रबराची चटई, कोपऱ्यात कमरेएवढ्या उंचीवर बसवलेला स्टीलचा टब. भिंतीला खुंट्या आणि खुंट्यांना कात्र्या. मी गेल्या गेल्या कात्र्याच बघितल्या. सरळ, वाकडी, आणि एक दात्यांची, केस विरळ करायची. प्रत्येकीला कापडी म्यान होतं. ज्या बाईची कात्री म्यानात असते तिच्यावर माझा निम्मा विश्वास तिथेच बसतो.

तिने गुंडीला टेबलावर घेतलं आणि आधी काही केलंच नाही. नुसता हात फिरवत राहिली, कानामागे, पोटाखाली, जांघेत. मग खिशातून स्टीलचा कंगवा काढला, अर्ध्या भागाचे दात दाट, अर्ध्याचे विरळ. पाठीवरून फिरवला तर लोण्यातून गेल्यासारखा सरसर गेला. मी म्हटलं, "बघ, रोज विंचरते मी." ती हं म्हणाली, गुंडीचा डावा पाय उचलला आणि काखेत कंगवा टेकवला. टेकवला तिथेच थांबला, दातभरसुद्धा पुढे जाईना. मग तिने माझं बोट धरून तिथे लावलं.

"काकू, इथे हात लावून बघा."

केसांच्या खाली, कातडीला चिकटून, एक जाड असा तुकडा होता. नमद्यासारखा, म्हणजे लोकर दाबून घट्ट केल्यासारखा. काखेतून छातीपर्यंत गेलेला. गुंडी पाय टाकायची तेव्हा तो कातडीला ओढायचा. बिचारीचा पाय मुरगळला वगैरे काही नव्हता.

लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात धुतला की काय होतं, आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आटतो, घट्ट होतो, परत सैल होत नाही. केसांच्या गुंत्याचं तेच होतं. गुंता न सोडवता अंघोळ घातली की तो पाण्याने आवळतो, सुकताना आणखी आवळतो, आणि पुढच्या अंघोळीला त्याची गाठ होते. म्हणून आधी विंचरणं, मग पाणी. त्या एसी दुकानात वर्षभर वरून ब्रश फिरवला, आत हात घातला नाही, आणि बिलावर मात्र "डी-मॅटिंग", म्हणजे गुंते काढणं, असं लिहून पैसे घेतले. हा माझा राग.

आता रागाचा दुसरा भाग, जो सांगायला लाज वाटते. तिने विचारलं, "हिला हार्नेस घालता का? टी-शर्ट वगैरे?"

"टी-शर्ट नाही गं, फ्रॉक. गणपतीत शिवला होता. मोतिया साटीन, खाली नेटचा घेर, आत कॅनकॅन."

"किती दिवस होता अंगात?"

"पाच दिवसांचा असतो ना आमचा गणपती."

"बाही होती?"

"नाही, बिनबाहीचा. मुंढा जरा घट्टच घेतला होता, नाहीतर..." आणि बोलता बोलता माझं मलाच कळलं. साटीनची ती कड पाच दिवस काखेत घासत होती. पट्टा, हार्नेस, कपडा, जिथे जिथे घासतं तिथे हे केस पिळले जातात: कानामागे, गळ्याला, काखेत, जांघेत. त्या दुकानाने गुंता वाढू दिला हे खरं. पण नमदा मी शिवला. मुंढा घट्ट कशाला घेतला तर फोटोत फिटिंग छान दिसावं म्हणून.

मी म्हटलं, बाई, सोडव हळूहळू, केस कापू नकोस, ननंद व्हिडिओ कॉलवर बघते. ती म्हणाली, "सोडवता येईल. दोन-अडीच तास लागतील आणि प्रत्येक ओढीला तिला दुखेल. मग पुढच्या वेळी ती टेबलावर चढणार नाही. केस परत येतील काकू." आवाज शांत, पण पर्याय दिलेला नव्हता. उसवणं कधी थांबवायचं आणि बाही नवीन कधी लावायची, हे ज्याला कळतं त्याचा आवाज तसाच येतो.

तिने मशीन काढलं. पात्यांना नंबर असतात आणि ते दोऱ्यासारखे चालतात. चाळीस नंबरपेक्षा साठ नंबरचा दोरा बारीक, तसं पात्याचा नंबर जितका मोठा तितके केस बारीक कापले जातात. काखेसाठी तिने १० नंबर लावला, त्याने जेमतेम दीड मिलिमीटर केस राहतात. अंगाला पुढे ७ नंबर, त्याने तीन मिलिमीटरच्या आसपास. दर दोन-तीन मिनिटांनी पातं स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघत होती. चालून चालून पातं तापतं आणि कातडी भाजते, कुत्र्याला सांगता येत नाही. गरम लागलं की पातं काढून बाजूला, दुसरं लावलं. नमदा एका तुकड्यात निघाला, माझ्या तळव्याएवढा. मी तो कागदात गुंडाळून घरी आणला, नवऱ्याला दाखवायला. त्यांनी हातात घेतला नाही.

खाली कातडी गुलाबी, आणि एका जागी रुपयाएवढा लाल, ओलसर डाग. पावसाळ्यात दाट केसांखाली ओल राहिली, हवा लागली नाही की असं चिघळतं. डाग दिसल्याबरोबर तिने मशीन बंद केलं. "आज अंघोळ नाही. आधी डॉक्टर. मी औषध सांगणार नाही, ते माझं काम नाही." आणि बिल केलं ६०० रुपये. पूर्ण ग्रूमिंगचा दर तेव्हा १२०० होता. अर्धवट काम झालं म्हणून अर्धे पैसे. मी आजवर कोणाला अर्धवट ब्लाउजचे अर्धे पैसे लावलेत का, आठवत नाही.

दहा दिवसांनी डाग सुकल्यावर परत गेलो, तेव्हा खरी अंघोळ बघितली. टेबलाजवळ थांबू देत नाही, मालक दिसला की कुत्रा त्याच्याकडे झेपावतो आणि कात्री हातात असते. पण आतल्या दाराला काच आहे, तिथून बघता येतं. मी पूर्ण पावणेदोन तास उभी राहून बघितलं, बसायला काही नव्हतं. आधी कोरडं विंचरणं. मग कोमट पाणी, मानेपासून मागे. शॅम्पू थेट ओतत नाही, बाटलीत पाण्याने पातळ करून घेते, म्हणजे मुळापर्यंत जातो आणि निघतोही. दोनदा लावला. तोंड नुसतं ओल्या कपड्याने पुसलं. मी आधी घरी माझाच शॅम्पू वापरायचे, तो लगेच बंद करायला लावला. आपली कातडी आम्लधर्मी, साडेपाचच्या आसपास पीएच, कुत्र्याची साताकडे झुकणारी, म्हणजे कमी आम्ल. आपला शॅम्पू त्यांना कोरडं करतो आणि मग खाजवणं सुरू. कडुनिंबाच्या नावाने आणलेलं एक तेलही दाखवलं होतं मी तिला, त्यात टी ट्री तेल निघालं. ते कुत्र्याला बाधतं. टाकून दिलं.

वाळवणं हा मला सगळ्यात आवडलेला भाग. काही ठिकाणी कुत्र्याला पेटीत ठेवून गरम हवा सोडतात. ही हातात पाइप धरून वाळवते, एका हाताने केस वर करत, थर थर. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो गार होतो, आणि चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापाही नीट टाकता येत नाहीत. बंद पेटीत गरम हवा म्हणजे जिवाशी खेळ. झालं असं वाटलं की ती उलट्या हाताने मुळाशी चाचपून बघते, गार लागलं की परत पाइप. आम्ही ओव्हरलॉक झाल्यावर शिवणीवरून अंगठा फिरवतो ना, तसं.

कात्री शेवटी, स्वच्छ आणि वाळलेल्या केसांवर. मळक्या केसांवर चालवली की धार जाते. मी म्हटलं, "माझ्या कापडाच्या कात्रीने कोणी कागद कापला तर मी दोन दिवस बोलत नाही." त्या दिवशी पहिल्यांदा हसली ती.

पण पैसे वसूल झाले ते या अंघोळीत नाही, नंतरच्या दहा मिनिटांत. तिने कंगवा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, आता तुम्ही करा, मी बघते. तिची पद्धत अशी: कुत्रीला कुशीवर झोपवायचं. पोटाकडून सुरुवात. डाव्या हाताने केस वर दुमडून धरायचे, म्हणजे कातडीची एक रेघ दिसते, भांग पाडल्यासारखी. त्या रेघेवरचे केस खाली विंचरायचे, मग एक बोट वर सरकायचं, पुढची रेघ. आधी पातळ तारांचा ब्रश, मग खात्रीला कंगवा. कंगवा अडला की ओढायचं नाही, मुळाशी दोन बोटांनी धरून टोकाकडून सोडवत यायचं. केस अगदी कोरडे असतील तर पाण्याचा हलका फवारा. मी वर्षभर जे करत होते ते म्हणजे साडीवरून इस्त्री फिरवून आत पेटिकोट चुरगळलेला ठेवण्यासारखं.

आता रोज रात्री दहाला, दुकान बंद झाल्यावर कटिंगच्या टेबलावर तिला घेते. सुरुवातीला अर्धा तास लागायचा, आता दहा-बारा मिनिटं. पाचव्या-सहाव्या रेघेला ती घोरायला लागते. पावसाळ्यात याच वेळी बोटांच्या मधे आणि कानाच्या आत गोचीड बघते. गोचिडतापाने आमच्या लेनमधला एक कुत्रा गेलाय, म्हणून यात आळस नाही. मानेवर टाकायचं गोचिडाचं औषध आणि अंघोळ यांत दोन्हीकडून दोन दिवसांचं अंतर ठेवायचं, तारीख देताना हे ती स्वतःहून विचारते. रेबीजच्या लसीचं कार्ड पहिल्याच दिवशी मागितलं होतं. त्या एसी दुकानात कधी कोणी मागितलं नाही.

एकदा मी बाहेर उभी असताना एक काका गोल्डन रिट्रीव्हर घेऊन आले. उन्हाळा आला, पूर्ण गोटा करून टाक म्हणाले. तिने सरळ नाही सांगितलं. काका म्हणे मी पैसे देतोय ना. ही म्हणाली, "काका, त्याला दोन थर आहेत. आतला मऊ थर विंचरून काढते, त्याने हवा लागेल. वरचा थर उन्हापासून वाचवतो, तो कापला तर गरमी कमी होणार नाही, आणि केस परत येताना धड येतीलच असं नाही." काका चिडून गेले. मला न राहवून मी म्हटलं, "अस्तर काढायचं, वरचं कापड नाही कापायचं, असंच ना?" तेव्हापासून ती गिऱ्हाइकांना अस्तराचंच उदाहरण देते. मानधन अजून मिळालेलं नाही.

आता तक्रारी, त्याही आहेतच. तारीख बारा-पंधरा दिवसांनंतरचीच मिळते, दिवाळीच्या आधी तर महिनाभर नाही. वीस मिनिटं उशीर झाला की तारीख गेली, कारण ऐकत नाही. जुलैमध्ये त्या चार पायऱ्यांच्या तळाशी घोट्याएवढं पाणी असतं, कुत्रं काखोटीला मारून उतरावं लागतं. दर वर्षभरात १२०० चे १४५० झाले. बोलणं तुटक. "वजन वाढलंय हिचं, बिस्किटं बंद करा," हे नमस्काराच्या आधी. एप्रिलमध्ये डोळ्यांवरचे केस इतके आखूड कापले की गुंडी महिनाभर बालवाडीतल्या पोरीसारखी दिसत होती. विचारलं तर म्हणे डोळ्यात टोचत होते. बरोबर असेल, पण आधी सांगायला काय झालं? मी गळा अर्धा इंच खोल घेताना गिऱ्हाइकाला विचारते. दरपत्रकात पंजांचा मसाज, अत्तर असलंही काही आहे. घेऊ नका. तिलाही ते करायला आवडत नाही, लोक मागतात म्हणून ठेवलंय, हे तोंडावर कळतं.

आणि नखं. कुत्र्याची नखं एकूण अठरा, पुढे पाच-पाच, मागे चार-चार. गुंडीची बरीचशी काळी, आत जिवंत भाग कुठे सुरू होतो ते दिसत नाही. ती तांदळाएवढे तुकडे काढत जाते आणि कापलेल्या जागी मधोमध काळसर ठिपका दिसला की थांबते. तरी जूनमध्ये मागच्या पायाचं एक नख लागलं. मी बाहेर होते, मला कळलंही नसतं. तिने स्वतः दार उघडून बोलावलं, पाय दाखवला, "माझ्याकडून लागलं," म्हणाली. पिवळसर पूड दाबून धरली, दोन मिनिटांत रक्त थांबलं. पूर्वी न्हाव्याकडे दाढीला तुरटी लावायचे, काम तेच. त्या दिवशी नखांचे पैसे घेतले नाहीत. मी द्यायला गेले तर रागावली.

गेल्या महिन्यात ती माझ्या दुकानात आली. मावसबहिणीच्या लग्नासाठी पैठणीवरचा ब्लाउज शिवायला टाकला. मी मनापासून शिवला, मुंढा ऐसपैस, आत दीड इंच माया. न्यायला आली, पिशवीतून काढला, आणि गळा, काठ, काहीही न बघता सरळ उलटा केला. काखेत बोट घातलं, शिवणीवरून सावकाश फिरवलं आणि एका जागी थांबली.

"काकू, इथे हात लावून बघा."

एक टाका सुटला होता.